गोमटेश्वराचे निर्माते : वीरमार्तंड चामुंडराय

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवाच्या मंगल पर्वावर प्रकाशित होणाऱ्या या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर जैन पुरुषाचे चरित्र लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली. त्या वेळी अनेक प्रातःस्मरणीय आचार्यांची आणि तीर्थरक्षक श्रेष्ठींची नावे डोळ्यांपुढून गेली. अखेर मन स्थिरावले ते एका श्रावकावर. हा श्रावक मुनी नव्हता, संसारत्यागी नव्हता. तो सेनापती होता, राज्याचा महामंत्री होता, घरदार, माता, पुत्र, धन आणि शत्रू हे सारे त्याला होते. आपल्यासारख्या व्यवहारात गुंतलेल्या माणसांना त्याचे चरित्र अधिक जवळचे वाटावे, हेच त्याचे कारण. श्रवणबेळगोळ येथील भगवान बाहुबलींची जगप्रसिद्ध मूर्ती ज्यांनी करविली, ते चामुंडराय हेच या लेखाचे चरित्रनायक होत.

गोमटेश्वराचे दर्शन घेऊन आलेला यात्रेकरू मूर्तीची उंची सांगतो, महामस्तकाभिषेकाचे वर्णन करतो. परंतु ती मूर्ती करविणाऱ्या पुरुषाच्या अंतःकरणात काय घडले असेल, त्याने हाच विषय, हाच दगड आणि हीच मुद्रा का निवडली असेल, याचा विचार आपण क्वचितच करतो. चामुंडरायांचे जीवन आणि त्यांनी करविलेले शिल्प ही दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून पाहिली, तर एकाचा अर्थ दुसऱ्यामुळे उलगडतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

काळ आणि परिस्थिती

इसवी सनाच्या दहाव्या शतकाचा उत्तरार्ध हा दक्षिणेतील मोठ्या उलथापालथीचा काळ होता. आपल्या महाराष्ट्रावर आणि कर्नाटकावर दोन शतकांहून अधिक काळ राष्ट्रकूटांची सत्ता होती. वेरूळचे कैलास लेणे त्यांच्याच काळात घडले. तेथील ३० ते ३४ या क्रमांकांची जैन लेणी आजही त्या युगातील आपल्या धर्माच्या वैभवाची साक्ष देतात. सध्याच्या दक्षिण कर्नाटकात, गंगवाडी प्रदेशात, पश्चिम गंग घराणे राज्य करीत होते. तलकाड ही त्यांची राजधानी. गंग राजे राष्ट्रकूटांचे मांडलिक, आप्त आणि जैन धर्माचे आश्रयदाते होते.

या गंग राजांच्या सेवेत चामुंडराय वाढले. जुन्या कन्नड लेखनात त्यांचे नाव चावुंडराय असेही येते. गंगराज मारसिंह दुसरे आणि त्यानंतर राचमल्ल चौथे यांच्या कारकिर्दीत ते मंत्री व सेनापती होते. ९७३ साली चालुक्य तैलपाने राष्ट्रकूटांची सत्ता उलथून टाकली. मारसिंहाने आपला भाचा इंद्र चौथा याला राष्ट्रकूट सिंहासनावर बसविण्याचा प्रयत्न केला, परंतु तो निष्फळ ठरला. पुढे मारसिंहाने बंकापूर येथे आचार्य अजितसेन यांच्या चरणी सल्लेखना धारण करून देह ठेवला. ज्याच्यासाठी हा खटाटोप झाला, त्या इंद्रराजानेही ९८२ साली श्रवणबेळगोळ येथे सल्लेखनाव्रत घेऊन आयुष्याची सांगता केली.

आपण ज्यांची आज्ञा पाळली, ज्यांच्यासाठी रक्त सांडले, ते राजे एकामागून एक राज्य सोडून व्रतस्थ होताना चामुंडरायांनी पाहिले. राज्यवैभवाच्या क्षणभंगुरतेवर प्रवचने आपणही ऐकतो. चामुंडरायांना ती डोळ्यांनी पाहावी लागली.

रणांगणावरील चामुंडराय

चामुंडरायांच्या बिरुदांची यादी दीर्घ आहे आणि यांतील बहुतेक बिरुदे एकेका युद्धातून मिळालेली आहेत. खेडगच्या युद्धात वज्जळदेवाचा पराभव केल्यामुळे ते समरधुरंधर झाले. गोनूरच्या रणभूमीवर नोळंबांविरुद्ध गाजविलेल्या पराक्रमामुळे वीरमार्तंड झाले. उच्छंगीच्या किल्ल्यात राजादित्याशी झालेल्या लढाईमुळे रणरंगसिंग झाले. या यादीत एक बिरुद मात्र वेगळे आहे, ते म्हणजे समरपरशुराम.

या बिरुदामागची हकीकत दुःखाची आहे. चामुंडरायांचा धाकटा भाऊ नागवर्मा याचा मुदुराचय्य नावाच्या योद्ध्याने वध केला होता. चामुंडरायांनी त्या मुदुराचय्याला मारून भावाच्या मृत्यूचा सूड घेतला आणि समरपरशुराम ही पदवी मिळविली. ज्या समाजात ते वावरत होते, त्या समाजाच्या दृष्टीने हे कर्तव्यच होते. त्यांच्या कीर्तीत त्यामुळे भरच पडली.

वाचकांनी ही घटना स्मरणात ठेवावी. धाकट्या भावासाठी शस्त्र उचललेल्या याच पुरुषाने पुढे ज्या महापुरुषाची मूर्ती उभी केली, तो महापुरुष भावावर उगारलेला हात थांबविणारा होता.

शास्त्राभ्यास आणि गुरुकृपा

तलवारीच्या धनी असलेल्या या पुरुषाची लेखणीही तितकीच समर्थ होती. ९७८ साली त्यांनी त्रेसष्ट शलाकापुरुषांची चरित्रे सांगणारा कन्नड गद्यग्रंथ पूर्ण केला. चावुंडरायपुराण या नावाने तो प्रसिद्ध असून कन्नड भाषेतील आज उपलब्ध असलेल्या सर्वांत प्राचीन गद्यग्रंथांत त्याची गणना होते. आचार्य जिनसेन व गुणभद्र यांच्या संस्कृत महापुराणाचा आधार घेऊन, सामान्य श्रावकांना समजेल अशा लोकभाषेत त्यांनी हे कार्य केले. मुनी व श्रावक यांच्या आचारधर्मावरील चारित्रसार हा त्यांचा ग्रंथ संस्कृतात आहे.

आचार्य अजितसेन हे त्यांचे गुरू. आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांचेही मार्गदर्शन त्यांना लाभले. जीवकांड आणि कर्मकांड या दोन भागांतील गोम्मटसार हा थोर प्राकृत ग्रंथ नेमिचंद्राचार्यांनी चामुंडरायांच्या अध्ययनासाठी रचला. षट्खंडागमासारख्या गहन सिद्धांताचे सार एका गृहस्थ शिष्यासाठी सिद्ध व्हावे, यावरून त्या शिष्याच्या जिज्ञासेची कल्पना येते. आजही स्वाध्याय मंडळांत गोम्मटसाराचे वाचन चालते. त्या ग्रंथाच्या नावातच चामुंडराय वसले आहेत, कारण गोम्मट हे त्यांचे घरगुती नाव होते. मराठीत सुंदर या अर्थी आपण गोमटा हा शब्द वापरतो, तो आणि हे नाव एकच असल्याचे थोर प्राकृत पंडित डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी साधार दाखविले आहे. गोम्मटाचा ईश्वर तो गोम्मटेश्वर, म्हणजेच आपला गोमटेश्वर.

साहित्यिकांनाही चामुंडरायांचा आधार होता. कन्नडचा महाकवी रन्न हा मुधोळचा, बांगड्या विकणाऱ्या कुटुंबात जन्मलेला. विद्येच्या ओढीने तो श्रवणबेळगोळला गेला, तेव्हा त्याला अजितसेनांचे शिष्यत्व आणि चामुंडरायांचा आश्रय लाभला. व्यापाऱ्याच्या घरातील मुलाच्या अंगी असलेले कवित्व एका सेनापतीने ओळखले, ही गोष्ट आपल्या व्यापारी समाजाने अभिमानाने सांगावी अशी आहे.

मातेचा संकल्प

मूर्तिनिर्मितीची कथा परंपरेने अशी सांगितली जाते. चामुंडरायांच्या माता काललदेवी यांनी, भरत चक्रवर्तींनी पोदनपूर येथे उभारलेल्या बाहुबलींच्या सुवर्णमूर्तीचे वर्णन ऐकले आणि तिचे दर्शन झाल्याविना दूध न घेण्याचे व्रत केले. मातृभक्त चामुंडराय मातेला व आचार्य नेमिचंद्रांना घेऊन यात्रेस निघाले. वाटेत श्रवणबेळगोळ येथे मुक्काम असता कूष्मांडिनी देवीने स्वप्नात दृष्टांत दिला की, पोदनपूरची मूर्ती आता मनुष्याला दिसणारी नाही. समोरच्या डोंगरावर बाण सोडावा, तेथेच भगवंतांचे दर्शन घडेल. चामुंडरायांनी चंद्रगिरीवरून विंध्यगिरीच्या माथ्यावर सुवर्णबाण सोडला. तो जेथे लागला, त्या शिळेतून भगवंतांची मूर्ती साकारली.

श्रद्धेने ऐकावी अशी ही कथा आहे, आणि तिच्यात शिल्पशास्त्राचे एक मर्मही दडलेले आहे. मूर्ती शिळेत आधीच आहे, केवळ तिच्यावरील अनावश्यक भाग दूर करावयाचा आहे, हा पाषाणशिल्पाचा मूलमंत्र या कथेने सहजपणे सांगितला आहे.

द्रव्य : पाषाणाची निवड

शिल्पाचे माध्यम बदलले की त्याची रीत बदलते. मातीची मूर्ती भर घालून घडते. धातूच्या मूर्तीसाठी आधी मेणाची प्रतिमा करावी लागते. तिच्यावर मातीचे लेप देऊन ती तापवितात, मेण वितळून बाहेर जाते आणि उरलेल्या पोकळीत धातूचा रस ओततात. या पद्धतीने केलेली भगवान बाहुबलींची एक अप्रतिम कांस्यमूर्ती मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. ती श्रवणबेळगोळचीच असून चामुंडरायांच्या आधी शंभरएक वर्षे घडलेली आहे. तिची उंची अवघी वीस इंच. अंगावर वेली चढलेल्या, कायोत्सर्गात उभ्या बाहुबलींचे रूप त्या भूमीत आधीपासून परिचित होते, हे तिच्यावरून कळते. वेरूळच्या इंद्रसभा लेण्यातही ते आहे.

पाषाणात मात्र भर घालता येत नाही. गेलेला कण परत येत नाही. त्यातही दगडादगडांत भेद आहेत. आबूच्या विमलवसही मंदिराचा संगमरवर मृदू असल्याने त्यात जाळीदार कोरीवकाम शोभते. त्या मंदिराच्या छतावर भरत आणि बाहुबली यांच्या युद्धाचा प्रसंगही कोरलेला आहे. आपल्या नाशिकचा दगड काळा बसाल्ट. इंदिरानगरहून पाथर्डी फाट्याकडे निघाले की समोर पांडवलेणीचा डोंगर दिसतो. तो बसाल्टचाच, आणि म्हसरूळजवळील गजपंथ, अंजनेरी, अंकाई या स्थानांची जैन लेणीही बसाल्टमध्येच आहेत. ज्वालामुखीच्या रसाचे थर एकावर एक साचून हा दगड बनला असल्याने त्यात थरांचे सांधे, भेगा आणि पोकळ्या आढळतात.

विंध्यगिरीचा खडक ग्रॅनाइट आहे. संगमरवरावर लोखंडी सुरीने ओरखडा उठतो. ग्रॅनाइटवर सुरीच झिजते. सूक्ष्म नक्षीला तो दाद देत नाही. परंतु त्याचे अखंड, निर्दोष असे प्रचंड पिंड मिळू शकतात आणि ऊनपावसात तो शतकानुशतके टिकतो. सुमारे ५७ फूट उंचीची, छप्पर नसलेली, एकसंध मूर्ती करावयाची तर असाच दगड हवा. मूर्तीवर आभूषणे नाहीत, वस्त्र नाही. ज्या दगडाला नक्षी मानवत नाही, त्याच दगडात अपरिग्रहाची मूर्ती घडावी, हा योग फार मोलाचा आहे.

विधी : घडविण्याची पद्धत

मोठ्या मूर्तींच्या बाबतीत दोन मार्ग असतात. एक, मूर्ती दुसरीकडे घडवून नियोजित स्थानी न्यावयाची. १४३२ सालची कारकळची सुमारे ४२ फूट उंचीची बाहुबली मूर्ती आणि आपल्या काळातील धर्मस्थळची ३९ फूट उंचीची मूर्ती अशा रीतीने नेण्यात आल्या. दुसरा मार्ग म्हणजे डोंगरावरील मूळ खडकच जागच्या जागी कोरावयाचा. श्रवणबेळगोळची मूर्ती या दुसऱ्या मार्गाची आहे. ती तेथे आणलेली नाही, तेथेच प्रकट केलेली आहे. आपल्या जिल्ह्यातील मांगीतुंगी येथे, गणिनीप्रमुख ज्ञानमती माताजींच्या प्रेरणेने साकारलेली आणि २०१६ साली प्रतिष्ठित झालेली भगवान ऋषभदेवांची १०८ फूट उंचीची मूर्तीही अशीच डोंगरातून प्रकट झालेली आहे. तेथे आधुनिक यंत्रांचे साहाय्य होते. चामुंडरायांच्या शिल्पींजवळ टाकी, हातोडा, लाकडी परांची आणि दोरखंड एवढेच साधन होते.

असे काम वरून खाली करावे लागते. आधी मस्तक, मग स्कंध, मग बाहू, शेवटी चरण. खालून आरंभ केला तर वरून पडणारे ढलपे झालेल्या कामाचा नाश करतील. याचा अर्थ असा की, मस्तकाची पहिली रेघ आखताना चरणांचे स्थान मनात निश्चित असावे लागते. मस्तक चुकले तर दुसरे करता येत नाही, कारण डोंगराला दुसरा माथा नसतो. ग्रॅनाइटवर टाकी लवकर बोथट होते. ती भात्यावर तापवून, ठोकून, पुन्हा पाणी देऊन धारेवर आणावी लागते. त्यामुळे दगड फोडणाऱ्यांइतकेच लोहारांचेही श्रम अशा कामात असतात. शेवटी दगडाने दगड घासून, वाळू आणि पाणी वापरून तुळतुळीतपणा आणावयाचा.

मूर्तीला मांड्यांपर्यंत मागच्या खडकाचा आधार ठेवलेला आहे. त्यावरचा सारा भाग चारही बाजूंनी मोकळा आहे. दोन्ही बाजूंची वारुळे, त्यांतून डोकावणारे सर्प आणि पायांवरून बाहूंपर्यंत चढलेली माधवी वेल ही बाहुबलींच्या वर्षभराच्या निश्चल तपाची चिन्हे होत. परंतु त्यांचा दुसराही उपयोग आहे. एवढा भार पेलण्यासाठी तळाशी जो जाडपणा हवा, तो शिल्पींनी या वारुळांच्या रूपाने दिला. शास्त्रातील कथा आणि बांधणीची गरज यांचा असा मेळ थोर कलावंतांनाच साधतो.

टाकीचे घाव सोसल्याविना देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. जैन तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने पाहिले तर यात निर्जरेचे तत्त्व आहे. आत्मा बाहेरून काही मिळवून शुद्ध होत नाही, चिकटलेले कर्म झडल्याने तो मूळ रूपात प्रकटतो. ज्या गृहस्थाने कर्मसिद्धांताचा ग्रंथ गुरुमुखातून ऐकला होता, त्याला डोंगरावर टाकीचे घाव ऐकताना हे जाणवले नसेल, असे म्हणवत नाही.

रूप : सोडलेले हात

भरत आणि बाहुबली या दोन भावांच्या संघर्षाची कथा आपल्या सर्व पंथांना पूज्य आहे. दिगंबर परंपरेनुसार मल्लयुद्धात बाहुबलींनी भरताला वर उचलले, परंतु ज्येष्ठ बंधू म्हणून त्याला भूमीवर न आपटता सन्मान राखला. श्वेतांबर परंपरेनुसार भावावर उगारलेली मूठ त्यांनी तशीच आपल्या मस्तकाकडे वळविली आणि त्याच हाताने केशलोच केला. दोन्ही कथनांत विजयाचा हात शेवटच्या क्षणी थांबतो. जिंकलेले राज्य तेथेच टाकून बाहुबली वनात गेले.

आता विंध्यगिरीवरील मूर्तीकडे पाहावे. ५७ फूट उंचीच्या त्या देहाचे दोन्ही बाहू सरळ खाली सोडलेले आहेत. हातांत शस्त्र नाही, मूठ नाही, वरदमुद्रासुद्धा नाही. घेण्याचे संपले आणि देण्याचेही संपले. मुखावर अगदी पुसटसे स्मित आहे. पराक्रमी देहाचे रुंद स्कंध तसेच आहेत, पण त्यातील बळ आता कोणाविरुद्ध उभे नाही.

समरपरशुराम चामुंडरायांनी या मूर्तीखाली उभे राहून नागवर्म्याची आठवण केली असेल काय? मुदुराचय्यावर उचललेला आपला हात त्यांना आठवला असेल काय? प्रस्तुत लेखकाला असे वाटते की, चोवीस तीर्थंकर असताना एका योद्ध्याने तीर्थंकर नसलेल्या बाहुबलींचीच मूर्ती एवढ्या भव्य प्रमाणावर करविण्याचे कारण या प्रश्नातच आहे. जे आपल्या हातून घडले नाही, जे घडायला हवे होते, ते त्यांनी दगडात घडवून घेतले.

गुल्लकायज्जी

परंपरेप्रमाणे ९८१ साली मूर्तीची प्रतिष्ठा झाली. पहिल्या अभिषेकाची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. चामुंडरायांनी घागरींमागून घागरी दूध मस्तकावर ओतविले, पण ते मांड्यांच्या खाली उतरेना. त्यांच्या मनात आपण केवढे कार्य केले, हा अहंभाव आला होता. तेव्हा एक गरीब वृद्धा गुल्लकाय नावाच्या फळाच्या छोट्याशा करवंटीत दूध घेऊन आली. तिच्या त्या थेंबभर दुधाने मूर्तीचे चरण न्हाऊन निघाले आणि धार डोंगरावरून वाहू लागली. कूष्मांडिनी देवीच त्या रूपाने आली होती, असे मानतात. चामुंडरायांचा गर्व गळाला. त्या वृद्धेची, गुल्लकायज्जीची, मूर्ती आजही भगवंतांच्या समोर हातात करवंटी घेऊन उभी आहे.

या कथेचा बाहुबलींच्या चरित्राशी असलेला धागा लक्षात घेण्याजोगा आहे. श्वेतांबर परंपरा सांगते की, वर्षभर तप करूनही सूक्ष्म मानामुळे बाहुबलींना केवलज्ञान होत नव्हते. ब्राह्मी व सुंदरी या भगिनींनी त्यांना मानरूपी हत्तीवरून खाली उतरण्याची जाणीव करून दिली. राज्य सोडता येते, देहाची ममता सोडता येते, पण मी सोडले हा भाव सर्वांत शेवटी सुटतो. मूर्ती करविणाऱ्याचीही अखेरची परीक्षा तीच ठरली.

नावांचे काय झाले

मूर्तीच्या चरणांजवळ वारुळांच्या शिळांवर छोटे लेख आहेत. कन्नड, तमिळ आणि आपल्या मराठी भाषेत, ही मूर्ती चामुंडरायांनी करविली, एवढीच वार्ता त्यांत आहे. मराठीतील दुसरी ओळ सांगते की, मूर्तीभोवतीची ओवरी गंगराजाने करविली. हा गंगराज म्हणजे होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती, बाराव्या शतकातील. दोन्ही ओळींचे अक्षरवळण सारखे असल्याने त्या गंगराजाच्या काळी एकत्र कोरल्या गेल्या, असे अनेक अभ्यासक मानतात. मराठीतील आद्य शिलालेख म्हणून अनेक पिढ्यांनी शाळेत याच लेखाचे नाव पाठ केले. आता अलिबागजवळच्या अक्षी येथील शके ९३४ च्या, म्हणजे इ. स. १०१२ च्या, शिलालेखाला तो मान दिला जातो. तरीही कर्नाटकातील त्या डोंगरावर, भगवंतांच्या चरणाशी मराठी अक्षरे आहेत, हे पाहताना कोणाही मराठी यात्रेकरूचे मन भरून येते.

मूर्तीच्या पायथ्याच्या या लेखांत शिल्पकाराचे नाव मात्र नाही.

विंध्यगिरीवरच त्यागद ब्रह्मदेव स्तंभ या नावाचा एक देखणा खांब आहे. चामुंडराय तेथे बसून दान देत, असे सांगतात. नाजूक वेलबुट्टीने मढविलेला हा खांब असा तोलून उभा केला आहे की, त्याच्याखालून पातळ रुमाल आरपार नेता येतो, अशी ख्याती आहे. कापडाच्या धंद्यात आयुष्य घालविलेल्या माणसाला हे वाचून रुमालाचे कापड कोणत्या पोताचे असेल, असा प्रश्न पडला तर वाचकांनी क्षमा करावी. याच खांबावर चामुंडरायांनी आपल्या कुळाचे आणि पराक्रमांचे सविस्तर वर्णन कोरविले होते. इ. स. १२०० च्या सुमारास हेग्गडे कण्ण नावाच्या एका अधिकाऱ्याने त्या खांबाच्या तीन बाजूंवरील लेख घासून काढला आणि तेथे स्वतःचा दोन-अडीच ओळींचा लेख कोरविला. चामुंडरायांच्या पराक्रमांची आता एकच बाजू तेथे वाचावयास मिळते.

समोरच्या चंद्रगिरीवर चामुंडरायांनी बांधविलेली सुंदर बसदी आहे. त्यांचे पुत्र जिनदेव यांनी ९९५ च्या सुमारास तिच्या वरच्या मजल्यावर भगवान पार्श्वनाथांची स्थापना केली. पित्याने आरंभिलेले पुत्राने पुढे नेले.

उपसंहार

चामुंडरायांनी मागे ठेवलेल्या गोष्टी मोजल्या तर काय दिसते? ज्या राज्यासाठी ते लढले, ते गंग राज्य त्यांच्यानंतर थोड्याच वर्षांत चोळांनी जिंकले. बिरुदे ग्रंथांत राहिली. खांबावर कोरविलेली कीर्ती दुसऱ्याच्या टाकीखाली गेली. टिकली ती मूर्ती, आणि गुरूंनी त्यांच्यासाठी रचलेला ग्रंथ. म्हणजे जेथे त्यांनी स्वतःला पुढे ठेवले ते पुसले गेले, आणि जेथे ते मागे उभे राहिले तेथे त्यांचे नाव आजही भक्तिभावाने घेतले जाते. १९८१ साली प्रतिष्ठेला सहस्र वर्षे पूर्ण झाली, तेव्हाच्या महामस्तकाभिषेकास देशविदेशांतून लक्षावधी भाविक जमले. त्यानंतर १९९३, २००६ आणि २०१८ साली मस्तकाभिषेक झाले. प्रत्येक वेळी भगवंतांबरोबर चामुंडरायांचे आणि गुल्लकायज्जीचेही स्मरण झाले.

आज आपण संस्थेच्या पन्नास वर्षांचा आढावा घेत आहोत. देणगीदारांच्या नावांचे फलक आपल्या सर्वच धर्मस्थानांत असतात आणि ते असावेत, कारण कृतज्ञता हा श्रावकाचा धर्म आहे. दानाची नोंद ठेवणे यात काही गैर नाही. चामुंडरायांचे नावही चरणांपाशी आहेच. परंतु ते एका ओळीचे आहे आणि चरणांपाशी आहे, हे आपण विसरू नये. ज्यांचे नाव कोणत्याच फरशीवर नाही अशी माणसेही प्रत्येक संस्थेच्या उभारणीत असतात. कोणी पहाटे येऊन देरासर झाडलेले असते, कोणी साधुसाध्वींच्या विहारात मैलोगणती पायी साथ दिलेली असते, कोणी मूठभर अक्षतांपेक्षा अधिक देण्याची ऐपत नसताना ती मूठ नित्यनेमाने वाहिलेली असते. करवंटीभर दुधाचा हिशेब वहीत बसत नाही, पण अभिषेक त्यानेच पूर्ण होतो.

विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी चढून गेलेला यात्री जेव्हा त्या चरणांशी पोहोचतो, तेव्हा त्याची मान आपोआप वर जाते आणि हात जोडले जातात. पुढील पन्नास वर्षांत आपल्या संस्थेकडे पाहूनही एखाद्या अनोळखी माणसाचे हात असेच जोडले जावेत, हीच भगवान बाहुबलींच्या चरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र !